अढीत न पिकणारं फळ

दर वर्षी मी फसते. उकाडा पुरता सरलेला नसतो, रात्री पंखा लावूनच झोपायचे दिवस असतात, आणि अशात फळांच्या ढिगात पहिला नारिंगी रंग दिसतो. हात आपोआप जातो. गेल्या वर्षी तोंड कसं वाकडं झालं होतं ते आठवत असतं, तरी जातो. घरी येऊन पहिलं संत्रं सोलते, पहिली फोड तोंडात टाकते आणि एक डोळा आपसूक मिटतो. नुसतं आंबट असतं तरी चाललं असतं, आंबटपणाची स्वतःची एक ऐट असते. हे आंबट आणि पाणचट, दोन्ही. वर चावून चावून उरलेला चोथा.

आई पिशवीकडे बघते, मग माझ्याकडे. दर वर्षी तेच वाक्य. "अगं, अजून रात्री पंखा लागतोय ना तुला? मग त्या झाडाला तरी कसं कळणार थंडी आली म्हणून?"

आईने वनस्पतिशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. पण मी कुतूहलापोटी या फळाबद्दल वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की तिचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं खरं आहे. निदान सालीपुरतं तरी.

संत्र्यात पिकणं आणि रंगणं ही दोन वेगळी खाती आहेत. आतला गर आपल्या चालीने गोड होत जातो. वसंतात फूल येतं, त्यानंतर सात-आठ महिने, जातीप्रमाणे थोडे कमी-जास्त, साखर चढत राहते आणि आम्ल उतरत राहतं. सालीचा कारभार मात्र बराचसा थंडीच्या हातात. रात्रीचा पारा साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागला, की सालीतलं हरितद्रव्य मोडतं, केशरी द्रव्यं वर येतात आणि फळ रंगतं. विषुववृत्ताजवळच्या सखल भागात रात्री तेवढ्या गार कधी होतच नाहीत. तिथे संत्रं हिरव्या सालीतच पिकतं, हिरवंच विकलं जातं आणि आत चांगलं गोड निघतं. म्हणजे आपण ज्याला पिकल्याची खूण समजतो, ती खरं तर थंडी पडून गेल्याची खूण. झाडाने गार रात्रींचा हिशेब सालीवर मांडून ठेवलेला असतो.

मग मला दर वर्षी भुलवणारा तो पहिला रंग येतो कुठून? बंद खोलीतून. हंगामाच्या तोंडाशी तोडलेली हिरवट फळं काही दिवस इथिलीन वायू सोडलेल्या खोलीत ठेवतात. हवेत हा वायू अगदी नावाला असतो, पण तेवढ्याने हरितद्रव्य मोडतं आणि फळ वरून झकास नारिंगी दिसायला लागतं. यात विष वगैरे काही नाही, उगाच घाबरायचं कारण नाही. इथिलीन तर फळं स्वतःसुद्धा सोडतात. फक्त त्या खोलीत रंगते ती साल. गर जसा होता तसाच राहतो.

हे मला पुस्तकाआधी केळ्यांनी शिकवलं होतं. काही वर्षांपूर्वी असंच हंगामाआधी डझनभर संत्री घेऊन बसले होते. देठापाशी हिरवी, चव भयंकर. म्हटलं, आंबा अढीत पिकतो, चिकू पिकतो, मग यानेच काय घोडं मारलंय? पिकलेल्या केळ्यांबरोबर एका डब्यात संत्री भरली, वर कागद दाबला, झाकण लावलं. चार दिवसांनी डबा उघडला तर काय सांगू! देठापासचा हिरवेपणा साफ गेलेला. एकेक फळ चित्रातल्यासारखं. मी विजयी मुद्रेने एक सोलून आईच्या हातात फोड ठेवली. तिने ती खाल्ली, काही न बोलता उठली आणि साखरेचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

केळ्यांनी इथिलीन सोडला होता आणि मी घरच्या घरी तीच खोली उभी केली होती. डब्याच्या तळाशी दोन संत्र्यांना निळसर बुरशी लागली होती, ते निराळंच.

आंबा, केळं, चिकू ही फळं तोडताना पोटात पिठाची शिदोरी बांधून निघतात. झाडापासून तुटली तरी त्या पिठाची साखर होत राहते. म्हणून अढी जमते. संत्र्याकडे अशी शिदोरी नसते. त्याची साखर रोजच्या रोज पानांकडून यायची, देठावाटे. देठ तुटला की पुरवठा संपला. पुढे ठेवून ठेवून आंबटपणा किंचित उतरेल फार तर, पण गोडी वाढायची नाही. जेवढी झाडावर मिळाली तेवढीच.

मी मुळात अढी घालणारी बाई. लहानपणी कुंडीत बी पेरलं की तिसऱ्या दिवशी माती उकरून मूळ फुटलं का ते बघायची. अशाने जी रोपं दगावली त्यांची गणती नाही. मोठेपणीही फारसा फरक नाही. अर्धं लिहिलेलं कुणालातरी वाचायला पाठवून द्यायचं, भांडण निवायच्या आत "आता सगळं ठीक ना?" म्हणून विचारायचं, दुखणं बरं व्हायच्या आत उठून कामाला लागायचं. माणसांनाही मी कागदात गुंडाळून, झाकण लावून, रोज उघडून बघत आले. त्यामुळे हे एक फळ माझ्या सगळ्या युक्त्यांना पुरून उरतं, याचा मला राग यायचा. हल्ली राग येत नाही. थोडा आदर वाटतो, आणि तरी मी दर वर्षी फसते.

मग एके पहाटे पाय आपोआप पोटाशी जातात. पांघरूण ओढून घ्यावं लागतं. पंखा कधी बंद झाला ते आठवत नाही. आणखी काही दिवस जातात, आंघोळीचं पाणी जास्त कढत लागायला लागतं, ओठ फुटतात. तेव्हा कुठे संत्री खरी येतात. ओळखायची कशी? रंगाने नाही, हे आता पटलं असेल. वजनाने. दोन सारख्या आकाराची फळं दोन हातांत घ्यायची आणि जड असेल ते ठेवायचं. साल थोडी सैल असावी, ती या फळाची जातच आहे. पण दाबल्यावर आत पोकळी लागली, साल एकीकडे आणि फळ एकीकडे असं वाटलं, तर ते पोचट. झाडावर गरजेपेक्षा जास्त राहिलं की संत्र्याची साल फुगत जाते आणि गर आत आक्रसून कोरडा पडतो. म्हणजे उशीरही चालत नाही. हे लक्षात आल्यावर मला जरा बरं वाटलं. फक्त उतावळ्यांनाच शिक्षा आहे असं नाही.

चांगलं संत्रं सोलताना मी आता सावकाश सोलते. देठाजवळ अंगठ्याचं नख रुतवलं, की पहिल्यांदा येतो तो आवाज, अगदी बारीक, ओल्या कागदासारखा. मग फवारा. खिडकीतून तिरपं ऊन येत असेल तर तो दिसतोसुद्धा, धुक्याच्या एवढ्याशा झुळकीसारखा. सालीच्या नारिंगी थरात तेलाच्या पिशव्या असतात, आपल्याला नुसते ठिपके दिसतात त्या. साल वाकली की त्यांच्यावर दाब येतो आणि तेल पिचकारीसारखं उडतं. २०१८ मध्ये काही संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं, तेव्हा या पिचकाऱ्या सेकंदाला १० मीटरच्याही वर वेगाने सुटताना दिसल्या. एवढ्याशा सालीतून! डोळ्यात गेलं की जे झोंबतं, ते या वेगासकट झोंबतं.

हे तेल मुख्यत्वे लिमोनिन. ते पेटतं. बाबा असताना दिवे गेले, की मेणबत्ती लागायची आणि संत्र्याचा हंगाम असेल तर बाबा सालीचा तुकडा ज्योतीशेजारी धरून चिमटायचे. फुर्र करून ठिणग्यांचं एक छोटं फूल उमलायचं आणि विझायचं. पुन्हा. पुन्हा. साल संपली की आम्ही नवं संत्रं सोलायला घ्यायचो, भूक नसली तरी. आई ओरडायची, "अरे, खायला आणलीत की जाळायला?" दिवे आले की सगळ्यांचा विरस व्हायचा.

या तेलामुळेच संत्रं लपून खाता येत नाही. पेरू खाता येतो, द्राक्षं तर सहज. संत्र्याची एक साल ओढली की शेजारच्या खोलीतून विचारणा होते, "कोण संत्रं खातंय?" मग देणं आलंच. प्रवासात डब्यातल्या एका माणसाने संत्रं सोललं, की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, आणि मग तो माणूस अवघडून, "घ्या ना" म्हणतो. त्यात ते फळ आतून आधीच वाटण्या करून आलेलं. सुरी नको, अंदाज नको. अनोळखी माणसापुढे अर्धं सफरचंद धरता येत नाही, पण संत्र्याची एक फोड धरता येते.

सालीखाली पांढऱ्या शिरांचं जाळं असतं. लहानपणी तापात पडले, की आई एकेक शीर ओढून काढायची, मग फोडीचं बारीक टोक दातांनी कापून, पापुद्रा उलगडून आतला गर तेवढा माझ्या तोंडात घालायची. नुसता गर, पारदर्शक, गार. त्या शिरा म्हणजे केवळ कचरा असं मी कित्येक वर्षं समजत होते. पण झाडाचं पाणी आणि साखर फळाच्या आत पोहोचवणारे रस्ते तेच. मी मगाशी जो पुरवठा म्हटलं, तो यांच्यातूनच आलेला असतो. कडवटही नसतात फारशा. आता मी त्या काढत नाही. लाडाने काढून देणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि गर म्हणजे तरी काय? एक फोड उन्हाकडे धरली, की आत थेंबाच्या आकाराच्या असंख्य पिशव्या दिसतात, एकमेकींना चिकटून दाटीवाटीने बसलेल्या. फूल उमलायच्या सुमारास फोडीच्या आतल्या भिंतीवर बारीक लव उगवते. तीच लव वाढते, फुगते आणि रसाने भरते. थोडक्यात, आपण खातो ते रसाने टम्म झालेले केस. हे वाचल्यावर आठवडाभर मला फोड तोंडात घालताना कसंसंच व्हायचं. मग सवय झाली. केस तर केस.

नावांचा घोळ मात्र मला फार आवडतो. इंग्रजीत या फळाला टँजरीन म्हणतात ते मोरोक्कोतल्या टँजिअर बंदरावरून, कारण तिथून ते जहाजात चढलं. मँडरिन हे नाव चिनी दरबारच्या अधिकाऱ्यांना परक्यांनी दिलेलं, तेच फळाला चिकटलं. क्लेमेंटाईन एका फ्रेंच धर्मबंधूच्या नावाचं. अल्जीरियात मिसरगिन इथल्या अनाथाश्रमाच्या बागेत ब्रदर क्लेमां यांच्या हाताखाली ते झाड वाढलं आणि १९०२ मध्ये त्याचं बारसं झालं. सात्सुमा हा जपानमधला एक जुना प्रांत. सगळी नावं पत्त्यांची नाही तर माणसांची, चवीचं कुणीच काही बोलत नाही. आपला नारंग मात्र संस्कृतातून फारसीत गेला, तिथून अरबीत, मग स्पेनमध्ये, आणि इंग्लंडला पोहोचेपर्यंत वाटेत त्याचा पहिला 'न' गळून 'ऑरेंज' उरलं. रंगाला नाव फळावरूनच पडलं, तिकडेही आणि आपल्याकडेही. हा रंग आपण रोज बघतो, पण त्याला बोट दाखवून सांगायचं तर फळच हातात धरावं लागलं.

संत्रं हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. पण सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाबराने आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांची जी यादी दिली आहे, तीत 'संगतरा' आहेच. त्यामुळे सिंत्राची गोष्ट मला जरा ओढूनताणून आणलेली वाटते.

घराणं त्याहून जुनं. २०१८ मध्येच लिंबूवर्गातल्या ६० झाडांची जनुकीय कुंडली मांडून शास्त्रज्ञांनी या सगळ्या गोतावळ्याचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी दाखवलं: आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार, चीनमधल्या युनान प्रांताचा पश्चिमेकडचा प्रदेश. मेघालयातल्या गारो टेकड्यांत, नोक्रेकच्या जंगलात, आजही एक रानटी संत्रं उगवतं आणि त्याच्यासाठी तिथे राखीव क्षेत्र केलेलं आहे. या गोतावळ्यात मूळ पुरुष म्हणावेत असे मुख्य तिघं, महाळुंग, पपनस आणि संत्रं. बाकीची बहुतेक यांचीच लेकरं-नातवंडं. मोसंबं हे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून आलेलं. मी आयुष्यभर संत्र्याला मोसंब्याचं धाकटं, नाजूक भावंड समजत आले, आणि निघालं ते त्याचं वाडवडील. क्लेमेंटाईन तर गोड मोसंब्याच्या कुळाने पुन्हा संत्र्याशी केलेली सोयरीक. वधूपरीक्षेला बसलेल्या आत्याबाईंनीही इतकी गुंतागुंतीची नाती लावली नसती.

थंडी हवी हे खरं, पण तीही बेताची. पारा शून्याच्या दोन-तीन अंश खाली जाऊन काही तास तिथेच राहिला, की फळातला रस गोठतो, त्या केसांच्या भिंती फाटतात आणि पुढे फळ आतून कोरडं होतं. फ्लोरिडात १८९४-९५ च्या हिवाळ्यात डिसेंबर आणि फेब्रुवारी अशा लागोपाठ दोन गोठवणाऱ्या लाटांनी बागाच्या बागा नेल्या. अशा रात्री बागाईतदार झाडांवर पाणी फवारत राहतात. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते, आणि पाणी गोठत राहील तोवर फांद्या शून्याच्या आसपास टिकतात. बर्फापासून राखायला बर्फाचंच पांघरूण.

जुन्या चिनी ग्रंथात एक वाक्य आहे, की हुआई नदीच्या दक्षिणेला जे गोड संत्रं, तेच उत्तरेला लावलं की 'झी' होतं, कडू आणि काटेरी. तिथे ते माणसं आणि माती यांच्याबद्दल बोलण्यासाठी आलंय. वनस्पतिशास्त्राने पाहिलं तर झी हे वेगळंच झाड: तीन दलांची पानं, लांब काटे, हिवाळ्यात पानगळ, आणि कडाक्याची थंडी सोसायची ताकद. गंमत म्हणजे आज सात्सुमाची कलमं याच झीच्या खुंटावर बांधतात. गोड फळ वर, सोसणारं मूळ खाली. त्याच देशात ११७८ मध्ये हान यानझी नावाच्या अधिकाऱ्याने वेनझौच्या परिसरातल्या संत्र्यांवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात २७ प्रकार नोंदवले. त्याच्या हाताला काय वास येत असेल!

आता हंगाम राहिलाय कुठे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात हिवाळा जून-जुलैत असतो. तिकडची संत्री शीतपेटीतून इकडच्या उन्हाळ्यात हजर होतात. मी एकदा खाल्लीही, घामाने निथळत. गोड होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. साल हलकीच सुटली, बी नव्हती, तक्रारीला जागाच नाही. पण दोन खाऊन पिशवी बाजूला ठेवली आणि विसरले. जीभ म्हणत होती संत्रं आणि अंग म्हणत होतं, मग पाय का नाही गारठलेले? हा माझ्या सवयीचा दोष असेल. कुठल्यातरी दूरच्या झाडाने आपल्या गार रात्री मोजूनच ते फळ पाठवलं होतं. त्या रात्रींत मी नव्हते, एवढंच.

थंडीत संत्रं खावं की नाही यावर घराघरांत दोन तट असतात. एक म्हणतो घसा धरेल, दुसरा म्हणतो सर्दी पळेल. मी यात पडत नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने जहाजावर स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, खचलेल्या १२ खलाशांच्या जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला, आणि ज्या जोडीला संत्री-लिंबं मिळाली ती आठवड्याच्या आत उठून बसली, हे खरं. पण ती होती मोठ्या जातीची, मोसंब्याच्या कुळातली संत्री. आपल्या सैल सालीच्या संत्र्यात क जीवनसत्त्व त्यांच्या साधारण निम्मंच असतं. आणि रोज क जीवनसत्त्व घेणाऱ्यांनाही सर्दी व्हायची ती होतेच, फार तर थोडी लवकर बरी होते. औषध म्हणून खायचं तर गोळी घ्यावी. संत्र्याला उगाच कामाला लावू नये.

आईची बोटं आता थंडीत आखडतात. सकाळी उठल्यावर मूठ पुरती मिटत नाही. गुंडी लावायला वेळ लागतो, बाटलीचं झाकण माझ्याकडे येतं, मोसंब्याला सुरी लागते म्हणून मोसंबं तिने सोडूनच दिलंय. डाळिंबाचं तर नाव नको. पण संत्रं ती स्वतः सोलते. मी पुढे हात केला तर झटकते. "हे येतं मला." सैल साल, बोटाच्या जरा जोराने सुटणारी, लहान मुलाला जमेल आणि म्हातारीलाही जमेल असं ते एकच फळ आहे बहुतेक. दुपारी ऊन खुर्चीपर्यंत आलं, की ती मांडीवर पंचा पसरून बसते. साल एका तुकड्यात निघत नाही हल्ली, कपचे कपचे होतात. मी बघत बसते. मदत न करता बघत बसणं हे मला किती जड जातं, ते मलाच ठाऊक.

परवा तिला एक युक्ती दाखवली, मी नव्याने शिकलेली. संत्र्याच्या देठाची वाळकी टोपी नखाने उचकटली, की खाली फिकट ठिपक्यांचं एक बारीक चक्र दिसतं. जेवढे ठिपके तेवढ्या आत फोडी, कारण प्रत्येक फोडीकडे जाणारी शीर तिथून आत शिरते. न सोलता मोजता येतात. आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला, फळ नाकाजवळ धरलं आणि ओठ हलवत मोजलं.

"अकरा," ती म्हणाली.

मी मोजले तर दहा भरले. पुन्हा मोजले, दहाच.

"सोल मग."

"तू सोल."

तिने सोललं. वेळ लागला. मी हात पाठीमागे धरून उभी होते. सगळी साल पंचावर पडल्यावर तिने फोडी एकेक करून सोडवल्या आणि मांडीवर ओळीने लावल्या. दहा. मी जिंकल्यासारखी हसले. तेवढ्यात तिने शेवटच्या दोन फोडींच्या बेचक्यात नख घातलं आणि तिथे दडून बसलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडीशीच मोठी, एक पिटुकली फोड चिमटीत धरून माझ्यापुढे केली.

"ही कोण खाणार?" तिने विचारलं, आणि मी हात पुढे करायच्या आत तोंडात टाकली.